अत्तार बाईंची रंगीत तालीम

निवृत्तीनंतर तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी ‘वाचन’ म्हणून सांगतो. उत्तर खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. माधवनगरला राहायला आल्यापासून अत्तार बाई जाईपर्यंत मी जवळजवळ दर रविवारी सकाळी जखमी कुत्रा होत असे.

हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. अंगणात चादरीवर डाव्या कुशीला पडून, डोळे मिटून, न कण्हता दुसऱ्यांकडून स्वतःला उचलवून घ्यायचं, याची तयारी त्या नोकरीत झाली नव्हती. पण बाईंच्या मते माझ्यात दोन गुण होते. एक, मी वजनाला हलका होतो. दुसरा त्यांनी माझ्या तोंडावरच सांगितला, “सर, तुम्हाला पडून राहायची सवय आहे.”

आमची दोघांची बिऱ्हाडं एकाच अंगणातली. मी खाली, त्या वर. मधला जिना इतका अरुंद, की बाईंचं कपाट दोर लावून गॅलरीतून वर चढवावं लागलं होतं. बाई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी आणि उजव्या मनगटावर घड्याळ. माझी पत्नी गेल्यावर मी ते घर घेतलं, तेव्हा शेजारी कोण आहे याची चौकशीसुद्धा केली नव्हती. पहिल्याच आठवड्यात बाई खाली आल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, समजा आत्ता चिंगीला साप चावला. तुम्ही काय कराल?”

चिंगी म्हणजे त्यांची गावठी कुत्री. तांबूस रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. तिलाही उत्तर हवं होतं असं वाटलं.

मी म्हणालो, “मी घाबरेन.”

“चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “खरं बोलणाऱ्या माणसाला शिकवता येतं.”

बाईंचं निम्मं बोलणं ‘समजा’ने सुरू होई. समजा, चिंगीनं वाटेत उंदराचं औषध खाल्लं. समजा, गाडी उन्हात बंद पडली आणि ती धापा टाकायला लागली. दोन्ही घरची धुणीभांडी करायला सुमनताई येत. त्या एकदा नळावरून वैतागून म्हणाल्या, “आवं बाई, सकाळच्या पारी त्या कुत्रीला किती येळा मारताय? चांगली बसलीया की.”

“म्हणूनच आत्ता विचार करायचा, सुमन. पडल्यावर विचार करायला वेळ नसतो.”

हे सगळं प्रवासासाठी होतं. बाईंचा धाकटा भाऊ कोरेगावला घेवड्याचा व्यापारी. बाई जुनी व्हॅन स्वतः चालवत तासगाव, विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असं करत त्याच्याकडे जात आणि प्रत्येक खेपेला चिंगी बरोबर. घरी काही झालं तर दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. रस्त्यावर काही झालं तर कुणी नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते तिथं कसं बसलं, हे मला उशिरा कळलं.

व्हॅनमध्ये मागे लाल रेक्झिनची एक पिशवी असे. बाई तिला ‘दवाखाना’ म्हणत. तिच्यात गॉजच्या घड्या, केसांना न चिकटणारी पट्टी, जखम धुवायला सलाइनच्या बाटल्या, काटे काढायचा चिमटा, बोथट टोकाची कात्री आणि लसीकरणाचे कागद असत. थर्मामीटरला लाल दोरा बांधलेला होता. एकदा मला ताप आला. बाई कोरेगावला गेलेल्या होत्या, त्या खेपेला पिशवी अंगणातच राहिलेली. मी थर्मामीटर काढला, तोंडात धरला आणि फोनवर मोठ्या अभिमानानं ताप सांगितला.

“सर, लाल दोरा बांधलेला घेतला नाही ना?”

“तोच घेतला. का?”

“कुत्र्याचा ताप तोंडात बघत नाहीत,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आजारपणात मी बरंच काही वाचलं असेल. आठवतो तो फक्त दोरा.

रविवारच्या तालमीचा क्रम ठरलेला होता. बाई अंगणात उभ्या राहून मोठ्यानं म्हणत, “चादर!” मग जाड निळी चादर पसरायची, तिच्यावर मी आडवं व्हायचं, बाईंनी डोक्याकडची आणि सुमनताईंनी पायाकडची दोन टोकं धरायची आणि मला व्हॅनपर्यंत न हिंदकळता न्यायचं. ‘रुग्णाची पाठ वाकता कामा नये,’ हा बाईंचा कटाक्ष. सुमनताईंचा कटाक्ष वेगळा होता. “सर, पोट आत घ्या की. कुत्र्याला एवढं पोट नसतंय.”

माझ्यानंतर चिंगीची पाळी. ती माझ्याहून हुशार निघाली. आधी जुन्या ओढणीच्या पट्टीनं तिचं तोंड बांधायचं. बाई पट्टीचा सैल फास करून त्यातून चपातीचा तुकडा दाखवत. चिंगी आपणहून तोंड आत घाले, तुकडा मिळे, मग फास हलकेच आवळायचा. काही महिन्यांत असं झालं, की चादर दिसली रे दिसली की चिंगी येऊन आडवी होई आणि तोंड पुढं करी. “दुखायला लागलं की सगळ्यात गरीब कुत्रंसुद्धा चावतं,” बाई सांगत. “पण ओकत असेल, धाप लागली असेल, तर तोंड बांधायचं नाही. लक्षात ठेवा.”

तालीम झाली की रुग्णाला बक्षीस. चिंगीला बिस्कीट. मला गुळाचा खडा. तो बाई कागदात बांधून खिशात घेऊनच खाली येत. मी भिडस्त माणूस, पहिल्यांदा नको म्हणालो. बाई म्हणाल्या, “घ्यायचा. बक्षीस नाही मिळालं तर पुढच्या वेळी रुग्ण पडत नाही.” त्यांचं म्हणणं खरं होतं. हळूहळू शनिवारपासूनच मला गुळाची आठवण येऊ लागली.

मग एक दिवस मला प्रत्यक्ष प्रवासाला नेण्यात आलं. ती पहिली खेप कोरेगावची नव्हती. ती ओळखीची खेप होती. वाटेत जिथं जिथं जनावरांचे डॉक्टर होते, तिथं तिथं थांबून बाईंनी चिंगीची ओळख करून दिली. बरोबर नानकटाईचा डबा. रहिमतपूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर गाभण म्हैस तपासत होते. रांगेत शेळ्या, वासरं, माणसं. आमची पाळी आली.

“काय होतंय हिला?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“ओळख करून द्यायला आणलंय. उद्या वाटेत हिला काही झालं, तर तुम्ही हिला अनोळखी नको आणि ती तुम्हाला. तुमचा नंबर द्या. तुम्ही गावात नसाल तेव्हा कुणाला फोन करायचा, तोही द्या.”

मागून एक म्हातारबा म्हणाले, “माजी शेळी चारा खाईना म्हणून मी सकाळधरनं बसलोय, आन् ह्ये बरं हाय ते दाखवाय आल्यात.”

रांग हसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्काळ भिंतीवरचा जनावरांच्या रोगांचा तक्ता वाचू लागलो. बाईंचं बोलणं संपेपर्यंत मी तो दोनदा वाचला. लाळ्या-खुरकुताविषयी आज मला जे काही माहीत आहे, ते त्या लाजेतून आलेलं आहे.

कोरेगावला पोचलो की बाईंचे भाऊ दारात उभे असत. मोठा मोकळा माणूस. पहिल्या भेटीत त्यांनी व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं. मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली चिंगी आणि तिच्या शेजारी पट्ट्यानं बांधलेला मी.

“आपा, पाव्हणं दोन आणल्यात, त्यातलं कुत्रं कंचं?”

“ज्याला ‘बस’ म्हटलं की बसतं, ते.”

“मंग दुसरं कशाला आणलंस?”

माझ्यावर इतका चांगला विनोद कॉलेजच्या स्टाफरूममध्येही कधी झाला नव्हता. भाऊ घरात कुत्रं घेत नसत. बाईंनाही ते मान्य होतं. नमाजाची जागा, नमाजाचे कपडे त्या फार सांभाळत. माधवनगरलाही चिंगी जिन्याची पहिली पायरी ओलांडत नसे. पण भाऊ कुरकुरत का होईना, गोदामाच्या ओसरीवर तिच्यासाठी पोतं टाकून ठेवत आणि आम्ही जेवायला बसलो की, “आपा, त्या बाईसाहेबांना पानी ठेवलंय मी,” असं दुसरीकडे बघत सांगत.

बादलविषयी बाई एकदाच बोलल्या. विट्याच्या अलीकडे, गाडी चालवताना, समोर बघत. बादल चिंगीच्या आधीचा. याच रस्त्यावर टायर पंक्चर झाला होता. बादल उतरला आणि ट्रकखाली आला. बाईंनी त्याला कवेत उचललं. तो कळवळून त्यांच्या उजव्या मनगटाला चावला, त्यांच्या हातून सुटला आणि पुन्हा पडला. मग दुसऱ्याच्या गाडीतून नेलं. एका गावात दवाखाना बंद, पुढच्या गावात डॉक्टर बाहेर. विट्याला पोचायच्या आधीच तो त्यांच्या मांडीवर गेला.

“चावला तो त्याचा दोष नव्हता,” बाई म्हणाल्या. “मुलांना तीस मार्कांचे प्रथमोपचार शिकवत होते मी. माझाच अभ्यास कच्चा. आता माझं कुत्रं रस्त्यात जाणार नाही, सर.”

घड्याळ उजव्या हातात का, ते तेव्हा मला कळलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “विटा आलं.” माझ्या सांत्वनाची पातळी साधारण अशी असे.

पुढच्याच उन्हाळ्यात ती वेळ आली. पुसेसावळी मागे टाकल्यावर बाईंनी चिंगीला पाणी पाजायला एका बांधाशी गाडी थांबवली. पट्टा बाईंच्या हातात होता. उसातून मुंगूस निघालं, चिंगीनं हिसका दिला आणि पट्ट्याची कडी तुटली. पिशवीत दुसरा पट्टा होता, दुसरी कडी नव्हती. चिंगी शेताच्या काटेरी तारेवरून पलीकडे गेली आणि तिथंच ओरडली. तिची मांडी खोल फाटली होती. रक्त थेंबथेंब येत नव्हतं, वाहत होतं.

बाई तार वाकवून आत गेल्या. गॉजची घडी जखमेवर दाबली आणि मला हाक मारली, “सर, चादर!”

इथवर मी उत्तम होतो. मी धावलो. या वयात धावलो. चादर काढली, तारेखालून आत घेतली, चारी टोकं झटकून पसरली, एक सुरकुती राहू दिली नाही. आणि मग त्या चादरीवर मी डाव्या कुशीला आडवा झालो.

डोळेही मिटले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. फार नसावा. पण वरून कुणीच उचलेना, तेव्हा मी डोळे उघडले. बाई दोन्ही हातांनी चिंगीची मांडी दाबून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गातल्या एखाद्या मुलानं पाठ केलेलं उत्तर अगदी बिनचूक, पण चुकीच्या प्रश्नाला लिहावं, तेव्हा शिक्षकाचा होतो तसा चेहरा होता.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या. “आज तुम्ही नाही.”

तोवर उसातून दोन माणसं आली होती.

“ह्यास्नी बी लागलंय काय वो?”

“न्हाई गड्या, भवळ आली असंल. रगात बगितलं की येतीया काहींना.”

मी उठलो. कपडे झटकले. बाई म्हणाल्या, “आता ओढणी.” मी फास घेऊन चिंगीपुढे गेलो. फासाचा आकार मला काही जमेना. चिंगी थरथरत होती, डोळे मोठे झालेले. पण फास दिसला आणि तिनं मान उचलून तोंड पुढं केलं. आपणहून. तिला वाटलं, आज रविवार आहे.

मला त्या क्षणी रडू आलं. बाई म्हणाल्या, “नंतर.”

त्या माणसांपैकी एक हळद आणायला निघाला. “हळद दाबा बाई, लय गुण येतो.” बाईंनी मान हलवली. “हळद कालवणात, दादा. तुम्ही चादरीची दोन टोकं धरा. पाठ वाकू देऊ नका.” चौघांनी मिळून चिंगीला वर आणलं, बाईंचा एक हात जखमेवरच. या वेळी मी वाहणाऱ्यांत होतो.

गाडीत मी मागे बसलो, चिंगी मांडीवर, घडीवर माझे दोन्ही तळवे. बाईंनी गाडी काढायच्या आधी रहिमतपूरला फोन लावला. डॉक्टर होते. “मी आणतेय, जखम मोठी आहे, टाके लागतील,” एवढंच त्या बोलल्या आणि निघाल्या. रक्त घडीतून वर येत होतं. मला राहवेना. मी घडीचा कोपरा उचलून बघायला गेलो, आणि आरशातून आवाज आला.

“उचलून बघायचं नाही. कादंबरीचं शेवटचं पान नाही ते. भिजली तर वरून दुसरी ठेवा.”

मी वरून दुसरी ठेवली. कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचतो, हे त्यांना कसं माहीत होतं, हा विचार मी रहिमतपूरपर्यंत मुद्दाम करत राहिलो. दुसरा कुठलाही विचार करायची माझी हिंमत नव्हती. चिंगीचा श्वास माझ्या पोटाला लागत होता. एका वळणावर तो मंद झाल्यासारखा वाटला. मी पुढं सांगितलं नाही. बाईंनी विचारलं नाही. फक्त गाडीचा वेग वाढला आणि त्या रस्त्याला उद्देशून म्हणाल्या, “विटा मागं राहिलं, सर. विटा मागं राहिलं.”

डॉक्टर दारातच उभे होते. चिंगीचा पडलेला कान पाहून म्हणाले, “ही तीच ना, काहीच न झालेली?”

“तीच,” बाई म्हणाल्या. “आता झालंय.”

टाके पडेपर्यंत बाई बाहेरच्या बाकावर ताठ बसून होत्या. डॉक्टर हात पुसत आले, जगेल म्हणाले, दाबून धरलं ते बरं झालं म्हणाले. बाई उठल्या, गाडीच्या पलीकडे गेल्या आणि बराच वेळ तिकडेच राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते. त्यांनी चिंगीच्या तोंडाशी बिस्कीट धरलं. तिनं गुंगीतच ते हुंगलं. मग माझ्यापुढे कागद उघडून गुळाचा खडा काढला, दातानं तोडला आणि निम्मा माझ्या हातावर ठेवला.

“अर्धाच?”

“चादर चांगली पसरली त्याचा. झोपलात त्याचा कापला.”

पुढच्या रविवारपासून तालमीत दोन गोष्टी वाढल्या. पट्ट्याला दोन कड्या आल्या. आणि चादर पसरल्यावर बाई क्षणभर थांबून सुमनताईंना म्हणू लागल्या, “समजा, सर पुन्हा झोपले.”

“मंग त्यास्नी लोळवून बाजूला करायचं,” सुमनताई पाठ म्हणून दाखवत. “आन् हसायचं न्हाई.”

गेल्या थंडीत बाईंना वरच्यावर थकवा येऊ लागला. गाडी बंद झाली. कोरेगावहून भाऊच येऊ लागले. चिंगीची व्यवस्था काय, हा विषय बाईंनी एकदा काढला. “समजा, सर, मी...” एवढं म्हणाल्या. मी म्हणालो, “चिंगी माझ्या दारात झोपते अलीकडे.” हे खरं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी दारात पोतं टाकलं आणि ते खरं केलं. बाईंनी गॅलरीतून ते पोतं पाहिलं आणि पुढे विषय काढला नाही.

ती सकाळ रविवारची नव्हती. सुमनताई वर भांडी घासायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. बाई पलंगाशी खाली बसल्या होत्या, डावा हात उचलवत नव्हता, बोलणं जड झालेलं. मी फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली, पण तिच्यातलं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडलं. तिच्याबरोबर आलेली दोन माणसं ते तिरकं करून, उभं करून पाहत राहिली. मला ते कपाट आठवलं.

मी खाली गेलो, व्हॅन उघडली आणि निळी चादर घेऊन वर आलो. पसरली. या वेळी मी झोपलो नाही. मी हे सुमनताईंकडे बघून सांगणार होतो, पण त्या रडत होत्या.

त्या दोघांनी डोक्याकडची टोकं धरली, मी आणि सुमनताईंनी पायाकडची. बाई डाव्या कुशीला होत्या, अगदी स्थिर, शहाण्या रुग्णासारख्या. वळणावर चादर माझ्या बाजूनं झोळली. बाईंनी डोळे उघडले. शब्द ओढत, पण स्पष्ट म्हणाल्या, “पाठ, सर.” मी हात वर घेतले.

चिंगी पहिल्या पायरीशी होती. चादर दिसताच ती आडवी झाली आणि तिनं तोंड पुढं केलं. आम्हाला तिच्यावरून पाय टाकून जावं लागलं.

रुग्णवाहिकेत त्यांना ठेवलं. भावाला कळवलं होतं, सुमनताई बरोबर जायला आत चढल्या. दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. मी दाराशी उभा होतो. बाईंनी चांगला हात चादरीबाहेर काढला. घड्याळ नव्हतं, तो चाव्याचा जुना व्रण दिसत होता. तळहात माझ्यापुढे उघडा धरला आणि थांबल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी खिसे चाचपले. गूळ नव्हता. तो नेहमी त्यांच्याच खिशात असे. माझ्या खिशात चिंगीचं एक बिस्कीट होतं, कोपरा झिजलेलं. मी तेच त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठांचा एक कोपरा हलला, आणि त्यांनी मूठ मिटली.

दार लागलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मागच्या काचेतून ती मूठ दिसत होती, चादरीच्या वर, घट्ट मिटलेली. माझ्या पायाशी चिंगी अजून तोंड पुढं करून बसली होती.